अडापलीन लावून पाच आठवडे झाले, चेहरा आधीपेक्षा वाईट. थांबू की चालू ठेवू?

रानजाई · ९ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आजवर इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय.

वय २७. कॉलेजात असताना कधी फारशी मुरुमं आली नाहीत, ती आता आली. हनुवटीवर, जबड्याच्या कडेने, आणि कपाळावर अगदी बारीक दाणे. लांबून दिसत नाहीत, पण बोट फिरवलं की वाळूसारखे हाताला लागतात. त्वचेच्या डॉक्टरांनी अडापलीन ०.१ टक्के जेल दिलं. "रोज रात्री, वाटाण्याएवढं," एवढंच सांगितलं. ५ डिसेंबरला सुरू केलं.

पहिले दहा दिवस काहीच जाणवलं नाही. मग ओठांच्या कोपऱ्यांत चुरचुरायला लागलं, नाकपुड्यांच्या बाजूला पापुद्रे सुटले. आणि आता हनुवटीवर एकदम सात-आठ मोठाले फोड, आतून ठणकणारे. औषध सुरू करण्याआधी एवढे कधीच नव्हते. सकाळी दात घासताना मान वर करून आरशात बघायचंही टाळतेय.

पुढची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी आहे. सगळीकडे वाचते की हे "पर्जिंग" आहे, आतली घाण बाहेर येते, धीर धरा. पण हे पर्जिंग आहे की औषध मला मानवत नाहीये, हे ओळखायचं कसं? ज्यांनी बरेच दिवस वापरलंय त्यांनी कृपया लिहा.

काजवा · ९ जानेवारी, रात्री ११:०५

दोन वर्षं अडापलीन लावतोय. माझाही पाचवा-सहावा आठवडा सगळ्यात वाईट होता. दहाव्यापासून उतार पडला. सोडू नका.

अबोली · ९ जानेवारी, रात्री ११:४८

काजवा, तुमचा अनुभव खराच असणार, पण "सोडू नका" असं सरसकट सांगू नका हो. मला असंच सांगितलं गेलं आणि मी ते ऐकलं, म्हणून लिहिते.

मी डॉक्टरांना न विचारता ट्रेटिनॉइन (अडापलीनच्याच घराण्यातलं औषध) ०.०५ टक्के सुरू केलं होतं. लवकर गुण यावा म्हणून रोज रात्री, भरपूर. जोडीला ग्लायकॉलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश आणि आठवड्यातून दोनदा स्क्रब. चेहरा लाल झाला, सगळे म्हणाले पर्जिंग. साली निघाल्या, पर्जिंग. तिसऱ्या महिन्यात नुसतं साधं पाणी लागलं तरी झोंबायचं. मॉइश्चरायझर लावताना डोळ्यांतून पाणी यायचं आणि रात्री उशीवर गाल टेकवता येत नव्हता. शेवटी डॉक्टरांकडे गेले तर ते म्हणाले, हे पर्जिंग नाही, औषधाने त्वचा भाजल्यासारखी झाली आहे. सगळं बंद करायला लावलं. दाह दोन आठवड्यांत गेला, पण गालांवर जे काळे पट्टे उमटले ते जायला आठ महिने लागले.

रानजाई, आग होते का? म्हणजे क्रीम लावल्यावर पाच मिनिटं नव्हे, दिवसभर? ते आधी सांग.

शिशिर · १० जानेवारी, सकाळी ७:१५

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. रानजाई, तुमचा चेहरा मी पाहिलेला नाही, त्यामुळे हे निदान नाही. पण प्रश्न इतक्या वेळा येतो की नीट लिहितो.

"आतली घाण बाहेर येते" हे खरं नाही. त्वचेत घाण साठलेली नसते. केसाच्या मुळाशी जी बारीक नळी असते तिच्या आतल्या पेशी नीट सुट्या होऊन बाहेर पडत नाहीत, एकमेकींना चिकटतात, त्यात तेल अडकतं आणि एक सूक्ष्म गाठ तयार होते. ती डोळ्यांना दिसत नाही. तिथपासून दिसणारा पिंपल व्हायला साधारण आठ आठवडे लागतात. म्हणजे आज तुम्ही औषध लावता तेव्हा पुढच्या दोन महिन्यांचे पिंपल्स आत आधीच तयार असतात. रेटिनॉइड म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातली औषधं. ती पेशीच्या आत जाऊन रेटिनॉइक अ‍ॅसिडच्या ग्राहींना चिकटतात आणि ही चिकटाचिकटी थांबवतात, दाहही कमी करतात. नव्या गाठी बनणं थांबतं, पण तयार असलेल्या गाठी मार्गी लागतात आणि त्यातल्या काही लवकर वर येतात. याला लोक पर्जिंग म्हणतात. सगळ्यांना होतंच असंही नाही. अनेकांना काहीच होत नाही, त्यांनी "औषध लागू पडत नाही" असं समजू नये.

ओळखायचं कसं? जिथे तुम्हाला नेहमी पिंपल्स येतात तिथेच, नेहमीच्याच जातीचे आणि जरा लवकर बसणारे आले, तर बहुधा तेच. जिथे कधीच येत नव्हते तिथे लाली, पुरळ, खाज, दिवसभर आग, त्वचा ताणल्यासारखी चकचकीत दिसणं, हे सगळं औषधाच्या जाचाचं लक्षण. ओठांचे कोपरे आणि नाकपुड्यांच्या खाचा इथे जेल साचतं, म्हणून तिथे आधी होतं. लावण्याआधी त्या जागी व्हॅसलीनचं बोट फिरवा.

तुम्ही सांगितलंय त्यावरून तुम्हाला दोन्ही थोडं थोडं दिसतंय. माझ्या रुग्णाला मी म्हणालो असतो: जाच गेल्याशिवाय रोज लावू नका. चार-पाच दिवस पूर्ण थांबा, फक्त साधा सौम्य फेसवॉश आणि मॉइश्चरायझर. मग एक रात्र आड. लावताना आधी मॉइश्चरायझर, मग जेल, वाटलं तर वर पुन्हा मॉइश्चरायझर. चेहरा धुतल्यावर पूर्ण कोरडा होऊ द्या, वीसेक मिनिटं. ओल्या त्वचेत औषध जास्त शिरतं आणि जास्त झोंबतं.

आणि डॉक्टरांना फोन करून हे कळवा, तीन आठवडे थांबू नका.

कोरा_कागद · १० जानेवारी, सकाळी ९:३०

डॉक्टर, फार दिवसांची शंका. वाटाण्याएवढं म्हणजे ओल्या वाटाण्याएवढं की वाळलेल्या? मी ओला धरत आलोय.

शिशिर · १० जानेवारी, दुपारी १:५०

वाळलेला! शंका रास्त आहे, दोघांत जवळजवळ दुपटीचा फरक पडतो. तेवढं जेल बोटावर घेऊन कपाळ, दोन गाल, नाक आणि हनुवटी असे पाच ठिपके द्यायचे आणि पसरायचं. पसरल्यावर चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. पांढरा थर दिसला तर जास्त झालं. जास्त लावून गुण लवकर येत नाही, फक्त साली लवकर निघतात.

दुसरं, पिंपलवर टिकली लावल्यासारखं लावू नका. हे आलेल्या पिंपलचं औषध नाही, न आलेल्याचं आहे. म्हणून सबंध भागावर लावायचं.

काजवा · १० जानेवारी, दुपारी २:२०

अबोली, तुमचं बरोबर आहे. मी घाईत लिहिलं. मला फक्त पिंपल्स वाढले होते, आग कधीच झाली नव्हती. हा फरक लिहायला हवा होता.

गोधडी · १० जानेवारी, संध्याकाळी ६:१०

विषय निघालाच आहे तर विचारते. माझा मुलगा १४ वर्षांचा. कपाळभर ब्लॅकहेड, गालावर पुटकुळ्या. डॉक्टरांनी हेच अडापलीन लिहून दिलंय. घरात सासूबाई म्हणतात वयाचं आहे, आपोआप जाईल, एवढ्याशा पोराच्या तोंडाला रसायनं कशाला. मलाही भीती वाटते की या क्रीमने कातडी पातळ होते. चिठ्ठी आठवडाभर तशीच पडून आहे. आणि तो बोलत नाही, पण फोटो काढायचा म्हटलं की उठून जातो.

अबोली · १० जानेवारी, संध्याकाळी ७:००

गोधडीताई, फोटोतून उठून जातो हेच मोठं लक्षण समजा. माझ्या भावाच्या वेळी घरच्यांनी "वयाचं आहे" म्हणून चार वर्षं काढली. पिंपल्स गेले खरे वयाबरोबर, पण खड्डे राहिले. खड्ड्यांवर कुठलंच क्रीम पुरं पडत नाही.

शिशिर · १० जानेवारी, रात्री १०:२०

अबोली यांनी लिहिलंय ते अगदी खरं. व्रण पडायच्या आधी उपचार करणं हाच यातला सगळ्यात मोठा फायदा. अडापलीन १२ वर्षांपुढच्या मुलांना देतात, आणि ब्लॅकहेड हा रेटिनॉइडचा हुकमी प्रांत आहे.

कातडी पातळ होण्याबद्दल: सुरुवातीला वरचा मेलेल्या पेशींचा थर कमी होतो, म्हणून उन्हाचा त्रास वाढतो आणि सनस्क्रीन लागतं. पण खालचा जिवंत थर काही महिन्यांत उलट जाड होतो. कातडी पातळ करतात ती स्टेरॉइडची क्रीमं, आणि ही गल्लत होण्याचं कारण आहे. डागांसाठी एक तिहेरी क्रीम मिळतं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड एकत्र. वांगावर ठरावीक आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली वापरायचं ते औषध आहे. लोक ते गोरं होण्यासाठी महिनोन् महिने लावतात. सुरुवातीला चेहरा उजळतो, थांबवलं की लाल होतो, बारीक शिरा दिसतात आणि स्टेरॉइडमुळेच पुरळ उठतं. तसे चेहरे मी दर आठवड्याला पाहतो. रेटिनॉइडचा दोष नसताना नाव मात्र त्याचं खराब होतं. कुठल्याही ट्यूबवर नावाच्या शेवटी "सोन" किंवा "लोन" दिसलं, उदाहरणार्थ मोमेटासोन, बीटामेथासोन, फ्लुओसिनोलोन, तर चेहऱ्याला लावण्याआधी विचारा.

टिपकागद · ११ जानेवारी, सकाळी १०:००

थोडं अवांतर, पण मला राहवत नाही.

ट्रेटिनॉइन हे या घराण्यातलं थोरलं. अ जीवनसत्त्वाचं अ‍ॅसिड मुरुमांवर चालतं हे अमेरिकेतल्या आल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलं आणि १९७१ मध्ये तिथे त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. अडापलीन १९९६ चं, टॅझारोटीन १९९७ चं, आणि सगळ्यांत धाकटं ट्रायफारोटीन २०१९ चं. अडापलीन ०.१ टक्के अमेरिकेत २०१६ पासून चिठ्ठीविना मिळतं.

पण याच क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५० च्या दशकापासून १९७४ पर्यंत कैद्यांच्या त्वचेवर प्रयोग चालवले होते. बहुतेक कैदी कृष्णवर्णीय, किरकोळ पैशांसाठी तयार झालेले, काय टोचलं जातंय याची धड कल्पना न दिलेले. त्या शहराने २०२२ मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. माझ्या चेहऱ्यावर ट्रेटिनॉइनने फार उपकार केले आहेत. ते कुणाच्या पाठींवर तपासत तपासत पुढे आलं हे कळल्यापासून ती ट्यूब मी वेगळ्या नजरेने बघते. औषध टाकून द्यावं असं मी म्हणत नाही. ती माणसं आठवावीत एवढंच.

तिसरी_घंटा · ११ जानेवारी, सकाळी ११:१५

टिपकागद, हे ठाऊक नव्हतं. वाचून गप्प झालो. लिहिल्याबद्दल आभार.

निळाई · ११ जानेवारी, दुपारी ३:४०

एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही आणि ती राहून जायला नको. मूल हवं असेल, दिवस गेले असतील किंवा तशी शक्यता असेल, तर रेटिनॉइड लावू नका. टॅझारोटीन तर पूर्ण वर्ज्य. ट्रेटिनॉइन आणि अडापलीन त्वचेतून रक्तात अगदी थोडं जातं, पण तरी डॉक्टर बंदच करायला सांगतात. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांची गोष्ट याहून गंभीर आहे, त्यांनी गर्भात व्यंग येतं हे पक्कं ठाऊक आहे.

मला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मी अडापलीन लावत होते. ती रात्र रडण्यात गेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की लावायच्या क्रीमचा धोका फार कमी, आजपासून बंद करा आणि बिनघोर राहा. अझेलॅइक अ‍ॅसिड दिलं, ते गरोदरपणात चालतं. मुलगी आता तीन वर्षांची आहे, खणखणीत.

पाऊलवाट · ११ जानेवारी, संध्याकाळी ५:२५

माझी मुरुमं पाठीवर. पुरुष याबद्दल बोलत नाहीत, शर्ट आहेच झाकायला. पण पांढऱ्या बनियनवर रक्ताचे ठिपके पडायला लागले तेव्हा गेलो. रात्री अडापलीन आणि सकाळी अंघोळीत बेन्झॉइल पेरॉक्साइडचा वॉश, दोन मिनिटं ठेवून धुवायचा. चार महिन्यांत ऐंशी टक्के फरक. मात्र बेन्झॉइल पेरॉक्साइडने कपड्यांचा रंग उडतो हे कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या निळ्या टॉवेलवर नारिंगी ढग उमटलेत. पांढरे टॉवेल घ्या.

काजवा · ११ जानेवारी, संध्याकाळी ५:५०

बेन्झॉइल पेरॉक्साइड रेटिनॉइडबरोबर चालत नाही असं वाचलं होतं?

शिशिर · ११ जानेवारी, रात्री ९:३५

ते साध्या ट्रेटिनॉइनबद्दल. बेन्झॉइल पेरॉक्साइडने ते निकामी होतं, उजेडातही टिकत नाही, म्हणून ते रात्री आणि वेगळं लावतात. अडापलीन दोन्हींना पुरून उरतं, दोघांचं मिळून एकच जेलही येतं. आणि क्लिंडामायसिनसारखं प्रतिजैविक नुसतं एकटं महिनोन् महिने लावू नका. जंतू त्याला सरावतात. बेन्झॉइल पेरॉक्साइड जोडीला असलं की तो धोका कमी होतो.

मेघ_दाटले · १२ जानेवारी, सकाळी ८:२०

माझं मत थोडं वेगळं आहे. एवढा त्रास काढण्यापेक्षा दुकानात मिळणारं रेटिनॉल सीरम का नाही? मी वर्षभर लावतेय, एक पापुद्रा निघाला नाही.

टिपकागद · १२ जानेवारी, सकाळी ९:१०

मेघ, कारण दोन्ही एक नाहीत. त्वचेला रेटिनॉलचं आधी रेटिनाल आणि मग रेटिनॉइक अ‍ॅसिड करावं लागतं, त्या वाटेत बरंच गळतं. ट्रेटिनॉइन म्हणजे तयार रेटिनॉइक अ‍ॅसिडच. सुरकुत्यांसाठी, त्वचेच्या पोतासाठी रेटिनॉल ठीक. मुरुमांवर इतका भक्कम पुरावा त्याच्या मागे नाही. तुम्हाला मुरुमं होती का मुळात?

मेघ_दाटले · १२ जानेवारी, सकाळी ९:४५

नाही, महिन्यातून एखादा पिंपल. बरं, मग माझा अनुभव इथे लागू नाही. मान्य.

तिसरी_घंटा · १२ जानेवारी, दुपारी १२:३०

रानजाई, कपाळावरचे दाणे सगळे एकसारखे आहेत का, आणि खाजतात का? माझे तसे होते. अडापलीन चार महिने लावूनही ढिम्म. शेवटी निघालं यीस्टमुळे होणारं पुरळ, त्यावर बुरशीविरोधी औषध लागतं. मुरुमच नव्हतं ते.

रानजाई · १२ जानेवारी, रात्री १०:१५

एवढ्या उत्तरांची अपेक्षाच नव्हती. सगळ्यांचे मनापासून आभार.

तिसरी_घंटा, खाज नाही आणि सगळे एकसारखेही नाहीत, काहींना काळं तोंड आहे. अबोलीताई, दिवसभर आग नाही, पण फेसवॉशनंतर होते. आणि तुमचं वाचून मी बाथरूममधल्या बाटल्या एका रांगेत मांडल्या. सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश. व्हिटॅमिन सी सीरम. अक्रोडाच्या सालीचं स्क्रब. अल्कोहोल असलेलं टोनर. डॉक्टरांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं आणि मीही त्यांना दाखवलं नव्हतं. शिवाय मागच्या आठवड्यात वरच्या ओठावर वॅक्स केलं, तिथली कातडी सोलून आली. वॅक्सचा आणि जेलचा संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही.

आज दवाखान्यात फोन केला. त्यांनीही चार दिवस थांबा, मग एक रात्र आड असंच सांगितलं. वॅक्स बंद, दोरा चालेल म्हणाले, पण तोही त्या जागी चार-पाच दिवस जेल न लावता. सगळ्या बाटल्या उचलून ठेवल्या.

अबोली · १२ जानेवारी, रात्री १०:३०

शहाणी गं. सनस्क्रीन?

रानजाई · १२ जानेवारी, रात्री १०:३४

तेही लावत नव्हते. लावेन.

अबोली · १२ जानेवारी, रात्री १०:४१

एसपीएफ ३० किंवा वरचं, दोन बोटांवर लांब रेघ ओढून जेवढं येईल तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. माझे काळे पट्टे एवढे रेंगाळले त्याचं निम्मं कारण सनस्क्रीन न लावणं हे होतं. सावळ्या त्वचेत पिंपलपेक्षा त्याचा डागच जास्त मुक्काम करतो.

कोरा_कागद · २२ फेब्रुवारी, सकाळी ११:००

धागा वर आणतोय. रानजाई, कसं चाललंय? मी वाटाणा वाळवला आणि नाकाच्या साली निघायच्या थांबल्या, हे कळवायचं होतं.

गोधडी · २३ फेब्रुवारी, रात्री ९:१५

आमच्याकडेही सुरू झालं, सहावा आठवडा. सासूबाईंना शिशिर डॉक्टरांचं उत्तर वाचून दाखवलं. आता रात्री साडेनऊला त्याच आठवण करतात, "लावलंस का रे तुझं ते?" आणि तो निमूट पाच ठिपके देतो.

रानजाई · १४ मार्च, सकाळी ८:०५

कोरा_कागद, उशिरा उत्तर देतेय, मुद्दामच. चौदा आठवडे पूर्ण व्हायची वाट बघत होते.

जानेवारी अखेरपर्यंत फारसा फरक नव्हता. आग गेली, पापुद्रे गेले, पण हनुवटीवर नवे येतच होते, आणि दोनदा ट्यूब कचऱ्यात टाकायला हात गेला. फेब्रुवारीच्या मध्यावर एक दिवस चेहरा धुताना लक्षात आलं की कपाळावर बोट नुसतं घसरतंय. वाळू नाही. दिवा लावून आरशाजवळ गेले, खरंच नव्हती. ते ठणकणारे फोड गेल्या महिन्यात दोनच आले, दोन्ही पाळीच्या आधी, आणि आठवड्याऐवजी तीन दिवसांत बसले. तपकिरी डाग आहेत अजून, पण फिके. आता आठवड्यातून पाच रात्री लावते आणि त्वचा कुरकुर करत नाही.

डॉक्टर शिशिर, माझ्या डॉक्टरांची भेट एप्रिलमध्ये आहे. तोवर एकच विचारते. चेहरा साफ झाला की हे बंद करायचं का?

शिशिर · १४ मार्च, रात्री ९:५०

वाचून फार आनंद झाला. नाही, लगेच बंद नको. सूक्ष्म गाठी बनण्याची त्वचेची सवय औषध थांबलं की परत येते, म्हणून साफ झाल्यावरही हेच एकटं पुढे चालू ठेवतात. किती महिने आणि आठवड्यातून किती रात्री, ते तुमचे डॉक्टर चेहरा बघून ठरवतील. पाळीच्या आधी जबड्यावरच येतात हेही त्यांना आवर्जून सांगा. पाळी अनियमित असेल किंवा चेहऱ्यावर केस वाढले असतील तर तेही. मग ते हार्मोन्सच्या अंगाने तपासून घेतील.

रानजाई · १४ मार्च, रात्री १०:०२

पाळी अनियमितच आहे, दोन वर्षांपासून. याचा त्याच्याशी संबंध असेल असं वाटलंच नव्हतं. एप्रिलची वाट बघत नाही, उद्याच फोन करते.